लाईटीचा पिक्चर आणि नॉमिनीचा फॉर्म

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकाचा आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला. दुसरे एक आजोबा, अंगठा मशीनवर उमटेना म्हणून तो पुन्हा पुन्हा लेंग्याला पुसत बसलेले. जन्मभर जाळी ओढलेल्या हाताच्या रेषा मशीनला सापडत नाहीत, हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं. मी काउंटरच्या आत कॅल्क्युलेटरला टेकून मोबाईल उभा केला होता आणि आवाज बारीक ठेवून कान तिकडे लावला होता.

‘एवढां काय बघतंस बाय?’ आजोबांनी विचारलं.

‘नॉमिनेशन जाहीर होतायत.’

‘माझा पण करायचा ऱ्हायलाय,’ म्हणत त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं. ‘म्हातारीचा नाव घाल.’

घातलं. त्यामुळे परवाच्या संध्याकाळचं पहिलं नामांकन, माझ्यापुरतं, शिरगावच्या एका म्हातारीचं. बाकीची नंतर कळली.

माझं दुकान रत्नागिरीत जयस्तंभाच्या जवळ आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासपोर्ट फोटो. बाहेरच्या पाटीवर आणखी पाच-सहा कामं लिहिलेली आहेत, ती आता होत नाहीत, पण पाटी बदलायला पैसे पडतात. ऑस्करचं वेड मला कॉलेजपासून. दरवर्षी नामांकनं बघते, समारंभ सोमवारी पहाटे बघते आणि मग दिवसभर लोकांच्या नावात चुका टाईप करते.

यंदा, म्हणजे २०२५ ला, घोषणा दोनदा पुढे गेली. आधी १७ जानेवारी होती, मग १९, शेवटी २३. लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले होते, अकादमीच्या सभासदांचीच घरं धोक्यात, त्यामुळे मतदानाची मुदतही वाढवली. तिकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. बोवेन यँग आणि रेचेल सेनट ही जोडी नावं वाचत होती. पहाटे साडेपाचला एवढं हसतमुख राहायचं म्हणजे कमाल आहे. मी तर त्या वेळी पाण्याचा पंप लावायला उठते तेव्हा घरातलं कोणी माझ्याशी बोलत नाही.

एरवी मी कोणाच्या बाजूने नसते. यंदा होते. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’च्या बाजूने. आणि काहीही मिळणार नाही हे माहीत असून होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईतल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या तीन बायका. प्रभा आणि अनु या केरळच्या नर्स, आणि पार्वती ही तिथेच स्वयंपाक करणारी, आपली मराठी बाई. प्रभाचा नवरा जर्मनीला गेलाय, त्याचा फोन येत नाही, एक दिवस तिकडून भात शिजवायचा कुकर मात्र येतो. अनुचं एका मुसलमान मुलावर प्रेम आहे. पार्वतीच्या खोलीवर बिल्डरचा डोळा आहे आणि तिच्या हातात खोलीचा एकही कागद नाही. शेवटी ती गाशा गुंडाळून गावाला परत येते, आणि बाकीच्या दोघी तिला पोचवायला येतात. ते गाव आपलं आहे. सिनेमाचा सगळा उत्तरार्ध रत्नागिरीकडचा. नेमका कुठला किनारा, यावर आमच्याकडे एक वाद कायम पेटता आहे. पावसवाले म्हणतात आमचा, गणपतीपुळ्याकडचे म्हणतात आमचा, आणि सिनेमा न बघितलेली माणसं सगळ्यात जोरात भांडतात.

मे २०२४ मध्ये या सिनेमाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दोन नंबरचं बक्षीस, मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तोच मुळी ३० वर्षांनी. त्याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वाहम’, १९९४ सालचा. पार्वती झालेल्या छाया कदम नथ घालून त्या तांबड्या गालिच्यावर चालल्या, तेव्हा आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो फोटो दिवसभर फिरत होता. सिनेमाचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ‘नथवाल्या’ एवढंच.

त्यातच या महिन्याच्या सुरुवातीला अकादमीने पात्र सिनेमांची यादी काढली. एकूण ३२३, त्यातले सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र २०७. यादीत पायल कपाडियाचा सिनेमा होता, तमिळ ‘कंगुवा’ होता, सावरकरांवरचाही होता. सावरकर १९२४ पासून १३ वर्षं रत्नागिरीत स्थानबद्ध होते. झालं, आमच्या एका ग्रुपवर मेसेज आला, ‘रत्नागिरीचे दोन सिनेमे ऑस्करमध्ये’, खाली फटाके. मी तिथे लिहिलं की अहो, ही नुसती पात्रता आहे. अमेरिकेतल्या ठरावीक शहरांत ठरावीक दिवस सिनेमा लागला, फॉर्म वेळेत भरला, की नाव येतं. म्हणजे अर्ज स्वीकारल्याची पावती. शॉर्टलिस्ट म्हणजे छाननी. नामांकन म्हणजे पात्र लाभार्थ्यांची यादी. आणि ऑस्कर म्हणजे खात्यात पैसे जमा. हे सगळ्यांना लगेच समजलं. एकाने अंगठा दाखवला, दुसऱ्याने विचारलं, ‘लाडकी बहीणचा पुढचा हप्ता कधी?’

आता परदेशी भाषेच्या गटाचं. त्याचं हल्लीचं नाव आंतरराष्ट्रीय चित्रपट. तिथे प्रत्येक देशाने एकच सिनेमा पाठवायचा. यंदा ८५ देशांचे आले होते. आपल्याकडे पाठवणार फिल्म फेडरेशन. २९ सिनेमांतून १३ जणांच्या समितीने सप्टेंबरमध्ये ‘लापता लेडीज’ निवडला. या सिनेमाबद्दल माझी काही तक्रार नाही, दोनदा बघितलाय. स्टेशनवर चहाचं दुकान चालवणाऱ्या मंजूमाई, त्याही छाया कदमच. बाई एकच, दोन्हीकडे उभी. पण पायल कपाडियाचा का नाही, यावर फेडरेशनच्या अध्यक्षांनी समितीचं जे म्हणणं सांगितलं ते मला आजतागायत पचलेलं नाही. भारतात घडणारा भारतीय सिनेमा नव्हे, भारतात घडणारा युरोपीय सिनेमा बघतोय असं वाटलं म्हणे.

युरोपीय! दादरचं फुलमार्केट, लोकलची गर्दी, पावसात ओली झालेली अंथरुणं आणि शेवटी आमची तांबडी माती. मी माझ्या सासूबाईंना विचारलं, ‘आई, हे युरोप वाटतं तुम्हाला?’ त्या म्हणाल्या, ‘युरोपात चुलीवर आंघोळीचं पाणी तापवतात काय?’

डिसेंबरात छाननीतून १५ सिनेमे उरले, ‘लापता लेडीज’ तिथेच गळाला. तिकडे फ्रान्सने पायल कपाडियाचा सिनेमा आपल्या शेवटच्या चारात घेतला होता, कारण निर्मितीत फ्रेंच पैसा. पण पाठवला दुसराच, ‘एमिलिया पेरेझ’. भाषा स्पॅनिश, गोष्ट मेक्सिकोची, दिग्दर्शक फ्रेंच, आणि मेक्सिको उभं केलं ते मुख्यतः पॅरिसजवळच्या स्टुडिओत. परवा त्यालाच सर्वांत जास्त, १३ नामांकनं मिळाली. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला आजवर एवढी कधीच नव्हती, आधीचा आकडा १० चा. मेक्सिकोची माणसं मात्र त्यावर चिडून आहेत. जर्मनीने पाठवला इराणचा सिनेमा, कारण त्याचा दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ इराणातून पळून तिकडे गेलाय. त्यालाही नामांकन. इंग्लंडने पाठवला हिंदी ‘संतोष’, तो १५ पर्यंत पोचला. म्हणजे आपला सिनेमा कोण म्हणायचा याची व्याख्या जो तो देश आपल्या सोयीने वाकवतो, फक्त आपण ताठ. आमच्या पार्वतीचं झालं काय, तर दोन घरचा पाहुणा उपाशी.

तरी एक फट शिल्लक होती. सिनेमा अमेरिकेत लागलेला, त्यामुळे दिग्दर्शन, पटकथा अशा इतर गटांत तो चालू शकत होता. गोल्डन ग्लोबला, म्हणजे तिकडच्याच दुसऱ्या पुरस्कारांना, पायल कपाडियाचं नाव दिग्दर्शनात होतं. म्हणून मी कॅल्क्युलेटरला मोबाईल टेकून बसले होते. दिग्दर्शनाची पाच नावं आली: ओदियार, बेकर, कोर्बे, फारजा, मॅनगोल्ड. पाचही जण या गटात पहिल्यांदाच, आणि त्यात बाई एकच, कोराली फारजा. नेमकी तेव्हा लाईट गेली. इन्व्हर्टरने तीनदा ट्यां ट्यां केलं. आजोबा म्हणाले, ‘जाव दे, उद्या येतंय.’

सासूबाई या सिनेमाला ‘लाईटीचा पिक्चर’ म्हणतात. त्याचं असं झालं.

३ जानेवारीला तो हॉटस्टारवर आला. पुढच्या रविवारी मी लावला. दुपारची जेवणं झालेली, नवरा बागेत फवारणीला गेलेला. थंडी बरी पडलीय, मोहोर आलाय, तुडतुड्याने तो खायच्या आत औषध मारलं पाहिजे, अशी सध्याची धावपळ. मुलगी नववीत आहे, ती दहा मिनिटांत ‘किती स्लो’ म्हणून उठून गेली. राहिलो आम्ही दोघी. सासूबाईंना वाचता येतं, पण टीव्हीवरच्या पळत्या अक्षरांना त्यांचे डोळे पुरत नाहीत. सिनेमा निम्मा मल्याळममध्ये. म्हणून मी खालच्या ओळी वाचून मराठीत सांगत होते. ‘ती म्हणते, तुझ्या नवऱ्याने पाठवला का?’ ‘ही म्हणते, काय की.’ असा सगळा कारभार. कुकरच्या प्रसंगाला त्या म्हणाल्या, ‘पत्र नाही काय आत?’ मी म्हटलं, नाही. मग बराच वेळ गप्प होत्या.

हे गप्प होणं मला कळतं. माझे सासरे गिरणीत होते. साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आधी बदली कामगार, मग कायम. राहायला लालबागला गावकीच्या खोलीत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना सांगते: गावाने मिळून मुंबईत एक खोली घेतलेली असायची, त्यात गावचे बारा-पंधरा बाप्ये. पाळीप्रमाणे झोपायचं, एक पाळी उठली की तिच्याच अंथरुणावर दुसरी. जेवण खानावळीत, एखाद्या बाईकडे. बायका-पोरं गावाला. सासूबाई लग्नानंतर मुंबईत एकूण राहिल्या त्या फक्त अडीच महिने, तेही आजारपणात. बाकी सगळा संसार मनीऑर्डरीवर. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली मजकुराला बोटभर जागा असायची. सासरे तिथे लिहायचे, ‘मी खुशाल आहे. पाऊस कसा आहे.’ त्या पट्ट्या सासूबाईंनी जपून ठेवल्यात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सिनेमातल्या प्रभाला तेवढंही आलेलं नाही, म्हणून त्या तिच्यावर हळहळत होत्या.

पार्वती मराठीत बोलायला लागली तशा त्या सावरून बसल्या. खालचं वाचून सांगायचं माझं काम सुटलं. आणि जेव्हा पार्वतीच्या लक्षात येतं की एवढी वर्षं जिथे राहिलो तिथे आपण राहतो असं सिद्ध करणारं काही नाही, तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलल्या: ‘ह्यांचंपण असंच.’

गावकीच्या खोलीची भाडेपावती ज्याच्या नावावर होती तो माणूस कधीच मेलेला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, म्हणजे यंदा त्याला ४३ वर्षं झाली. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सासरे वर्षभर वाट बघत राहिले, काही दिवस भाजी विकली, मग ट्रंक घेऊन आले ते आलेच. खोलीचं पुढे काय झालं याच्या गावात तीन वेगवेगळ्या कथा आहेत आणि तिन्ही सांगणारे एकमेकांशी बोलत नाहीत. सासऱ्यांच्या ट्रंकेत मिळालं ते गिरणीचं ओळखपत्र, त्यावर तिकीट नंबर, आणि वाळवीने कडा खाल्लेला पीएफचा एक कागद. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर माणूस हजेरीपटावर होता हे दाखवावं लागतं. म्हणून हे दोन चिटोरे आमच्या घरात देवाच्या फोटोमागे असतात. लॅमिनेशन मीच केलंय. माझ्या दुकानात अशी ओळखपत्रं घेऊन येणारे वारस आठवड्याला एक-दोन तरी असतात. नाव ‘पांडुरंग’चं ‘पंढरी’ झालेलं, वडिलांचं नाव नुसतं अक्षर, आडनाव गावाचं. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाईप करते: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून...’ हे वाक्य माझ्या कीबोर्डने इतक्या वेळा लिहिलंय की मी ‘व’ दाबला की तो पुढचं सुचवतो.

म्हणून ते ‘युरोपीय’ मला लागतं. समितीतल्या कोणाशी माझं वैर नाही. कागद नसल्यामुळे बाई मुंबईतून उठते आणि रत्नागिरीच्या गाडीत बसते, यापेक्षा जास्त इथलं मला तरी काही सुचत नाही.

एक खटकलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल गावची म्हणून कौतुक चाललंय. सिनेमातलं गाव फार शांत आहे. कोकणातल्या वाडीत मुंबईहून तीन बायका सामान घेऊन उतरल्या तर पाच मिनिटांत पन्नास माणसं जमतील, कोण, कुणाची, किती दिवस, भाऊबंदांना सांगितलंय का, आणि त्यातला एक तरी चुलत दीर घराच्या हिश्श्याचं काढेल. तिथे तसं कोणी येत नाही. सासूबाईंनी पण ते पकडलं. ‘शेजारीण कशी डोकावली नाहीन?’ पण मग किनाऱ्यावरची ती टपरी, रात्र, लोंबणारे दिवे आणि समोर नुसता काळा समुद्र. तिथे मीही वाद घालायचं सोडलं. आमच्या समुद्रावर हल्ली रात्री फार उजेड दिसला की लोक एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींच्या नावाने शिव्या घालतात. उजेड बघून बरं वाटल्याला बरीच वर्षं झाली होती.

मल्याळममध्ये सिनेमाच्या नावातच ‘प्रभा’ आहे. प्रभा म्हणजे उजेड, हे सासूबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी म्हणूनच लाईटीचा पिक्चर म्हटलं की वीज नसलेल्या घरावरून, ते मी विचारलं नाही.

त्या उत्तरार्धात एक माणूस समुद्रातून वाहून किनाऱ्याला लागतो. प्रभा नर्स असल्यामुळे त्याला वाचवते. तो कोण, कुठला, काही पत्ता नाही. पुढचं सांगत नाही, बघा. पण त्या जागी मला माझ्याकडे येणारी एक बाई आठवली. नाव-गाव सांगणार नाही. नवरा बोटीवर गेला तो आला नाही, देहही सापडला नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो माणूस मेला असं कायदा धरून चालतो. तोवर दाखला नाही, दाखला नाही म्हणून वारसनोंद नाही, बँकेत नॉमिनी असूनही पैसे अडकलेले. ती दर सहा महिन्यांनी येऊन विचारायची, ‘झाली काय गो सात?’ मी कॅलेंडर बघून सांगायची, अजून नाही.

परवाच्या यादीत ब्राझीलचा ‘आय अ‍ॅम स्टिल हियर’ आहे, तीन नामांकनं, त्यात थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. मी अजून बघितलेला नाही. गोष्ट मात्र वाचली आणि वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. रुबेन्स पायवा नावाचे माजी खासदार, जानेवारी १९७१ मध्ये लष्करी राजवटीच्या माणसांनी त्यांना घरातून नेलं. परत आलेच नाहीत. बायको युनिस पाच मुलांना घेऊन उभी राहिली, पुढे वकील झाली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिला मिळाला १९९६ मध्ये, २५ वर्षांनी. आणि आता परवाच, नामांकनं जाहीर झाली त्याच २३ जानेवारीला, तिकडे तो दाखला दुरुस्त झाला: मृत्यू नैसर्गिक नाही, राज्यसत्तेने घडवलेला. युनिसबाई २०१८ मध्येच गेल्या. दाखल्यातल्या दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतात ते मला माहीत आहे. आमच्याकडे वेलांटीसाठी चार महिने जातात.

युनिसचं काम करणाऱ्या फर्नांदा तोरेस यांना अभिनयाचं नामांकन आहे. त्यांची आई फर्नांदा मोंतेनेग्रो, त्यांनाही १९९९ मध्ये होतं, त्याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सालेस यांच्या सिनेमासाठी. ही आईच या सिनेमात म्हातारपणीची युनिस झालीय. माझं मत विचारलंत तर बक्षीस यांना. डेमी मूरलाही देऊन टाका म्हणा, ६२ व्या वर्षी पहिलं नामांकन, पण ‘द सबस्टन्स’ मी बोटांच्या फटीतून बघितला, त्यामुळे मला त्यावर बोलायचा अधिकार नाही.

बाकी भराभर. ‘द ब्रूटलिस्ट’ आणि ‘विकेड’ प्रत्येकी १०. ‘ब्रूटलिस्ट’ साडेतीन तासांचा आहे, मध्ये मध्यंतरासकट, याचं तिकडे फार कौतुक चाललंय. आम्ही मध्यंतर कधी सोडलंच नव्हतं. ‘अनोरा’ला सहा. ‘ड्यून’चा दुसरा भाग चित्रपटाच्या गटात आहे आणि दिग्दर्शक व्हिलनव्ह नाहीत, हे म्हणजे जेवण छान, स्वयंपाक कोणी केला विचारायचं नाही.

आपल्याकडचं म्हणावं असं नाव एकच, ‘अनुजा’. लघुपटांच्या गटात. दिल्लीतल्या कपड्याच्या कारखान्यात राबणारी नऊ वर्षांची मुलगी. काम करणारी सजदा पठाण ही सलाम बालक ट्रस्टच्या आधाराने वाढलेली पोर, आणि ती संस्था उभी राहिली ‘सलाम बॉम्बे’च्या पैशातून. ‘सलाम बॉम्बे’ म्हणजे परदेशी भाषेच्या गटात नामांकन मिळालेल्या आपल्या तीन सिनेमांपैकी एक. पहिला ‘मदर इंडिया’, शेवटचा ‘लगान’. त्यानंतर त्या गटात आपण नाही.

‘फ्लो’ची झलक पाहिली. लाटव्हियाचा सिनेमा, सगळीकडे पूर, एका नावेत मांजर, कुत्रा आणि आणखी तीन-चार प्राणी. संवाद नाहीत, माणूस नाही. माझी मावसबहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिच्या घराचा तळमजला बुडाला. आठवड्याने रस्ता झाल्यावर गेले तर अंगणात दोरीवर कपड्यांच्या जागी चिमट्यांनी कागद लावलेले. सातबारा, मुलांची मार्कशीट, लग्नाची पत्रिका सुद्धा. तिचं मांजर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवर मिळालं होतं, कोरडं. ‘फ्लो’ मी तिला घेऊनच बघणार.

सासूबाईंना परवा रात्री जेवताना सांगितलं. गुरुवार, त्यामुळे कुळथाची पिठी आणि भात. म्हटलं, ‘आई, आपल्या लाईटीच्या पिक्चरला काही नाही मिळालं.’

‘नाव नाही लागलं?’

‘नाही.’

‘पुढच्या वर्षी भरतील परत.’

मी म्हटलं, तसं नसतं, ऑस्करचा फॉर्म एकदाच. त्यांना ते अन्यायाचं वाटलं. ‘श्वास’च्या वेळचं मला आठवलं. २००४ साली तो भारतातर्फे निवडला गेला, तेव्हा तिकडे प्रचाराला पैसे नाहीत म्हणून लोकांनी वर्गणी दिली होती. कोकणातला आजोबा, डोळ्यांच्या कॅन्सरचा नातू, गोष्ट आपलीच, शिवाय ‘श्यामची आई’नंतर ५० वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ. आम्ही कॉलेजातल्या मुलींनी डबा फिरवून ३४० रुपये जमवले, त्यात एक फाटकी दहाची नोट. नामांकन नाही आलं. त्या रात्री मी रडले होते. आई म्हणाली होती, गणपतीची वर्गणी काय परत मागतो का आपण?

यंदा रडू आलं नाही. वयाचा फरक असेल, किंवा इन्व्हर्टरचा.

भात संपवून सासूबाई ताटातच हात धुवायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

‘ती आपली बाई,’ त्या म्हणाल्या, ‘गावच्या घरात आली ती. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे तिच्या?’

‘ते दाखवलं नाहीये.’

‘नवऱ्याच्या असणार. मग वारसनोंद केलान काय तिने? नाहीतर उद्या दीर येऊन उभा ऱ्हायला म्हणजे?’

मी म्हटलं, सिनेमा आहे, आई.

‘तू बघ परत एकदा,’ त्या म्हणाल्या. ‘भिंतीवर कुठेतरी नंबर असेल घराचा.’

काल रात्री पुन्हा लावला. पार्वतीच्या घराचं दार आलं की थांबवत थांबवत बघतेय.